टंचाईत पेट्रोल-डिझेलवरचा आयात कर माफ केला तर नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही देशात पंपांवर रांगा लागल्या की पहिली मागणी हीच येते की सरकारने आयात कर माफ करावा. मागणी चुकीची नाहीये, काही ठिकाणी ती उपयोगी पडलीय सुद्धा. पण व्हॉट्सअ‍ॅपवर याबद्दल जे फिरतं त्यात तीन वेगवेगळे कर एकत्र कालवलेले असतात आणि मग लोक भलत्याच दारात भांडत बसतात, आणि जिथे खरंच भांडायला हवं तिथे कोणी फिरकत नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आयात कर म्हणजे पंपावर आपण भरतो तोच टॅक्स का?

नाही. आयात कर म्हणजे कस्टम ड्युटी, माल बंदरात आला की लागते ती. पंपावर आपण भरतो त्यात मोठा वाटा असतो केंद्राच्या उत्पादन शुल्काचा, म्हणजे एक्साइज आणि त्याच्यावरचे सेस, आणि त्यानंतर राज्याचा व्हॅट. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचे लिटरमागे १९.९० रुपये आणि डिझेलवर १५.८० रुपये होते, एप्रिल २०२५ मध्ये दोन्हींवर २ रुपये वाढले. व्हॅट प्रत्येक राज्याचा वेगळा. या दोघांपुढे कस्टम ड्युटी अगदीच किरकोळ आहे, किती किरकोळ ते पुढच्या प्रश्नात.

भारतात क्रूडवर, म्हणजे कच्च्या तेलावर, किती आयात कर आहे?

आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त क्रूड बाहेरून आणतो, त्यामुळे लोकांना वाटतं की सरकार इथेच भरपूर कमवत असणार. प्रत्यक्षात क्रूडवर मूळ सीमाशुल्क टनाला १ रुपया, अतिरिक्त शुल्क अजून १ रुपया आणि राष्ट्रीय आपत्ती निधीसाठीचं शुल्क ५० रुपये. झाले ५२ रुपये, ते पण एका टनाला. टनात साधारण साडेअकराशे लिटर क्रूड बसतं, म्हणजे लिटरला साडेचार पैशाच्या आसपास. हे उद्या पूर्ण माफ केलं तरी पंपावरच्या आकड्यात काही दिसणार नाही. जी भिंत पाडा म्हणून आपण ओरडतो ती भारतात क्रूडपुरती आधीच पाडलेली आहे, हे कोणी सांगतच नाही.

आधी असं माफ केलं होतं का?

हो, दोनदा मोठ्या प्रमाणात. जून २००८ मध्ये क्रूडचे भाव भडकले होते, पुढच्याच महिन्यात ब्रेंट, म्हणजे ज्यावरून जगात भाव मोजतात ते क्रूड, बॅरलला १४७ डॉलरपर्यंत गेलं. तेव्हा सरकारने क्रूडवरचं ५ टक्के सीमाशुल्क शून्य केलं, पेट्रोल-डिझेलवरचं साडेसात टक्क्यांवरून अडीच टक्के केलं, एक्साइज लिटरला १ रुपया कमी केली. त्याच दिवशी पेट्रोल ५ रुपये, डिझेल ३ रुपये आणि सिलिंडर ५० रुपयांनी महागही केलं. हे नीट वाचा, कर कमी केला आणि भाव वाढवला, दोन्ही एकाच दिवशी. कारण कर कमी केल्याचा पैसा लोकांच्या खिशात यायच्या आधी सरकारी तेल कंपन्यांचा तोटा भरायला गेला. त्या करकपातीचा सरकारी तिजोरीवरचा भार २२,६६० कोटी सांगितला गेला होता.

मग भाव उतरले, २०१० च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री प्रणब मुखर्जींनी ५ टक्के आणि साडेसात टक्के परत लावले. जून २०११ मध्ये परत क्रूड महाग, परत ५ चं शून्य आणि साडेसातचं अडीच, डिझेलवरची एक्साइज ४.६० वरून २ रुपये, आणि त्याच्याबरोबर डिझेल ३ रुपयांनी महाग. यावेळी करातला वार्षिक तोटा ४९,००० कोटी धरला होता. दोन्ही वेळा खरा प्रश्न मालाच्या टंचाईचा नव्हता, भावाचा होता. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

भारत तर तयार पेट्रोल-डिझेल निर्यात करतो, मग त्यावर अडीच टक्के आयात शुल्क ठेवलंय कशाला?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे रिफायनऱ्या भरपूर आहेत, जामनगर, मुंबईत माहुल, वाडीनार, पानिपत वगैरे, त्यामुळे तयार पेट्रोल-डिझेलची आयात थोडीच होते. तरी शुल्क आहे, कारण रिफायनरीने तेल कंपनीला कुठल्या दराने माल द्यायचा ते सूत्र आयातीच्या हिशोबावर बसवलंय. तेलाच्या भावासाठी नेमलेल्या रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर जून २००६ पासून ट्रेड पॅरिटी नावाचं सूत्र आलं, त्यात ८० टक्के वजन आयातीच्या किमतीला आणि २० टक्के निर्यातीच्या किमतीला. आता हा माल बाहेरून आणला असता तर काय पडला असता, असा जो हिशोब होतो त्यात जहाजाचं भाडं येतं, विमा येतो आणि सीमाशुल्क पण येतं. म्हणजे माल माहुलला तयार झाला, कुठलंच जहाज आलं नाही, सरकारला कस्टमचा एक पैसा मिळाला नाही, तरी ते शुल्क भावात धरलेलं असतं आणि ते रिफायनरीकडे जातं.

म्हणून तयार मालावरचं शुल्क माफ केलं तर आयात वाढो न वाढो, सूत्रातला भाव खाली येतो. बाहेरचा माल लिटरला ५०-६० रुपयांना पडत असेल तर अडीच टक्के म्हणजे सव्वा ते दीड रुपया, आणि सूत्रात त्याचं वजन ८० टक्के म्हणून भावात साधारण एक रुपया ते एक रुपया वीस पैसे. फार नाही पण साडेचार पैशापेक्षा कितीतरी जास्त. त्याची दुसरी बाजू अशी की क्रूडवर जवळपास शून्य आणि तयार मालावर अडीच टक्के, या फरकामुळे देशातल्या रिफायनऱ्यांना संरक्षण मिळतं आणि त्या इथे आहेत म्हणून आपण पेट्रोलसाठी दुसऱ्याच्या दारात उभे नसतो. मला विचाराल तर टंचाईच्या काळात तीन-चार महिन्यांसाठी हे अडीच टक्के काढायला काही हरकत नसावी, कायमचे काढताना मात्र विचार करावा.

कर माफ केल्याने टंचाई संपते का?

टंचाई कशामुळे झालीय त्यावर आहे. माल बाहेर उपलब्ध आहे, पैसे आहेत, जहाज आहे, फक्त करामुळे आणणाऱ्याला परवडत नाही, अशी स्थिती असेल तर हो, लगेच फरक पडतो. पण बहुतेक वेळा अडचण दुसरीकडेच असते.

आपलंच उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश आणि इतर काही राज्यांत पंप कोरडे पडले, पेरणीच्या तोंडावर डिझेलसाठी रांगा. देशात माल नव्हता का? होता, रिफायनऱ्या चालू होत्या, निर्यात पण चालू होती. झालं असं की बाहेर भाव चढले आणि पंपावरचा भाव गोठवलेला, त्यामुळे खाजगी कंपन्यांना प्रत्येक लिटरमागे तोटा व्हायला लागला, त्यांनी विक्री आखडती घेतली, सगळी गर्दी सरकारी कंपन्यांच्या पंपांवर आली आणि तिथला पुरवठा कमी पडला. १७ जून २०२२ ला सरकारने सगळ्या पंपांवर सेवा देण्याचं बंधन लागू केलं, खाजगी पंप धरून. तिथे कस्टम ड्युटी शून्य केली असती तरी एक पंप जास्त उघडला नसता.

श्रीलंकेत २०२२ ला एवढ्या रांगा होत्या, तिथे कर माफ केला असता तर?

काहीच झालं नसतं, कारण तिथे डॉलरच नव्हते. त्यांचे तेव्हाचे ऊर्जामंत्री कांचना विजेसेकेरा यांनी मे २०२२ मध्ये संसदेत सांगितलं होतं की पेट्रोलचं एक जहाज २८ मार्चपासून समुद्रात उभं आहे आणि ते सोडवायला डॉलर नाहीत, शिवाय त्याच पुरवठादाराचे आधीचे ५३ मिलियन डॉलर द्यायचेत. माल डोळ्यासमोर, आणि तरी पंपावर काही नाही. १२ एप्रिलला देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली होती. जूनच्या शेवटी तर दोन आठवडे फक्त अत्यावश्यक सेवांना इंधन, बाकी सगळ्यांना बंद.

तिथे कामाला आलं ते भारताचं इंधनासाठीचं ५०० मिलियन डॉलरचं कर्ज आणि नंतर वाढवलेले २०० मिलियन, आणि क्यूआर कोडवरचा नॅशनल फ्युएल पास. सुरुवातीला आठवड्याला मोटरसायकलला ४ लिटर, रिक्षाला ५, कारला २०. कमी होतं, खूप कमी होतं, पण रात्रभर रांगेत उभं राहून हात हलवत परत यायची वेळ गेली आणि माणसाला आपल्या वाट्याला काय येणार ते आधी कळायला लागलं. त्या रांगांमध्ये उभ्याउभ्या माणसं दगावली होती. टंचाईत वाटप नीट करणं हे करमाफीइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं आहे असं मी म्हणतो ते त्यामुळे.

मग खरोखरच्या टंचाईत आयात कर कमी केल्याचं उदाहरण आहे का कुठलं?

व्हिएतनाम, तेही २०२२ च. हे जरा नीट बघण्यासारखं आहे.

त्यांच्याकडे दोन रिफायनऱ्या, न्घी सोन आणि झुंग क्वात, दोन्ही मिळून देशाची साधारण ७० टक्के गरज भागवतात. २०२२ च्या सुरुवातीला न्घी सोनमध्ये पैशाची अडचण आली आणि उत्पादन कमी करावं लागलं, त्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं. एकट्या न्घी सोनकडून देशाला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त इंधन मिळायचं, त्यामुळे झटका मोठा होता. सरकारने आधी पर्यावरण कर कमी केला, पेट्रोलवर लिटरला ४००० डाँगचा (डाँग हे तिथलं चलन) एप्रिलपासून २००० आणि ११ जुलैपासून १०००. मग ऑगस्टमध्ये पेट्रोलवरचं सर्वसाधारण आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के केलं.

ऐकायला मोठं वाटतं ना, अर्ध्यावर आणलं. पण व्हिएतनामची बरीचशी आयात दक्षिण कोरिया आणि आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या गटाच्या, देशांमधून होते आणि तिथल्या मालाला मुक्त व्यापार करारामुळे आधीच ८ टक्के दर होता. म्हणजे जो माल खरंच येत होता त्याचा कर या निर्णयाने कमी झालाच नाही. फायदा एवढाच की उद्या कोरिया किंवा सिंगापूरहून माल मिळाला नाही तर दुसऱ्या कुठल्या देशाकडून आणणं २० ऐवजी १० टक्क्यात जमेल, म्हणजे खरेदीची दारं वाढली. हे पण कामाचं आहे, टंचाईत एकाच दारावर अवलंबून राहणं धोक्याचं असतं, फक्त त्याने लगेच भाव उतरत नाही.

आणि झालं तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हो ची मिन्ह सिटीत पंप बंद पडायला लागले, लोकांच्या लांब रांगा. कारण काय, तर सरकार दर १० दिवसांनी भाव ठरवायचं, आणि त्या सूत्रात जहाजाचं भाडं आणि इतर खर्च जुने धरलेले होते. आणणारा कंपनीवाला तोट्यात, म्हणून त्याने डीलरचं कमिशन कमी करत करत जवळजवळ शून्यावर आणलं, आणि डीलरला प्रत्येक लिटर विकताना स्वतःच्या खिशातून घालायची वेळ आली. अशा माणसाने पंप उघडा ठेवावा अशी अपेक्षा तरी कशी करणार. नोव्हेंबरमध्ये सरकारने सूत्रातले ते खर्च वाढवून धरले. पंप चालू ठेवायचे तर डीलरचं गणित बसलं पाहिजे, हे तिथल्या सरकारला रांगा लागल्यावर मान्य करावं लागलं.

बांगलादेशात काय झालं?

थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये डिझेल एका रात्रीत लिटरला ३४ टाकांनी (टाका हे तिथलं चलन) वाढवून ११४ टाका केलं. लोक प्रचंड चिडले. महिना संपता संपता डिझेलवरचं आयात शुल्क १० वरून ५ टक्के केलं आणि ५ टक्के आगाऊ कर माफ केला. पंपावर भाव उतरला ५ टाका. ३४ वाढले होते, ५ उतरले.

सरकार हे एका रात्रीत करू शकतं का, संसदेत जावं लागतं का?

करू शकतं. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २५ खाली केंद्र सरकार लोकहितासाठी अधिसूचना काढून कुठल्याही मालावरचं शुल्क पूर्ण किंवा थोडं माफ करू शकतं, अट घालून किंवा विनाअट. नंतर ती संसदेपुढे ठेवतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि त्याच्या उपकरणांवरचं शुल्क असंच तीन महिन्यांसाठी माफ केलं होतं. तेव्हा ते बरोबर होतं कारण माल बाहेर होता, तातडीने आणायचा होता आणि मुदत स्पष्ट होती.

अधिसूचना निघाली की माल लगेच पंपावर दिसतो का?

नाही, आणि कधीकधी उलटंच होतं, त्यामुळे ही गोष्ट जरा समजून घ्या.

शुल्काचा दर कुठल्या दिवसाचा लागतो? जहाज बंदरात आलं आणि कागद भरले त्या दिवसाचा. पण माल बॉन्डेड टाकीत, म्हणजे कस्टमच्या ताब्यातल्या साठ्यात ठेवला असेल तर तो बाहेर काढायचे कागद ज्या दिवशी भरले त्या दिवसाचा दर लागतो. आता कल्पना करा की आठवडाभर बातम्या चालू आहेत, मंत्री म्हणतायत विचार चालू आहे, टीव्हीवर चर्चा. ज्याच्याकडे बॉन्डमध्ये माल आहे तो काय करेल? थांबेल. चार दिवसांनी कर शून्य होणार असेल तर आज पूर्ण कर भरून माल कशाला काढायचा? म्हणजे ऐन टंचाईत, करमाफीच्या नुसत्या चर्चेने, बंदरातला माल अडकून बसू शकतो. त्यामुळे हा निर्णय गाजावाजा न करता, अचानक आणि एका फटक्यात घ्यायचा असतो.

पण अचानक घेतला की दुसरा माणूस मरतो, तो म्हणजे डीलर. ३ नोव्हेंबर २०२१, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये एक्साइज कमी केली. आपल्याला आनंद झाला. पण सुट्ट्या म्हणून पंपवाल्यांनी टाक्या भरून ठेवल्या होत्या, जुना कर भरून घेतलेला माल, आणि सकाळी नव्या भावात विकायचा. ज्याच्या टाकीत १५ हजार लिटर डिझेल होतं त्याचे दीड लाख एका रात्रीत गेले. असं एकदा पोळलं की पुढच्या वेळी कर कमी होणार अशी कुजबुज आली की तो टँकर मागवतच नाही, आणि गावाकडच्या पंपावर दोन दिवस पेट्रोल नाही अशी पाटी लागते. यावर उपाय अवघड नाही, जुन्या साठ्यावरच्या कराचा परतावा द्यायचा, साठ्याची नोंद तेल कंपनीकडे असतेच. डीलरांच्या संघटना हे कित्येक वर्षं मागतायत आणि माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे.

कर माफ केला तर राज्याचं नुकसान होतं का?

लोकांना वाटतं केंद्राने कर कमी केला म्हणजे केंद्राचाच तोटा. केंद्राच्या पेट्रोलवरच्या करातला फक्त मूळ उत्पादन शुल्काचा भाग राज्यांमध्ये वाटला जातो, तो २०२१ च्या बजेटनंतर पेट्रोलवर लिटरला १.४० आणि डिझेलवर १.८० एवढाच उरला, बाकीचे सेस आणि विशेष शुल्क पूर्ण केंद्राचं. म्हणून केंद्राने सेसमध्ये कपात केली तर वाट्यात राज्याचं थेट काही जात नाही. पण व्हॅट टक्क्यात असेल तर तो केंद्राच्या करासकट असलेल्या किमतीवर लागतो, त्यामुळे तिथे राज्याचं उत्पन्न आपोआप थोडं घटतं.

त्यापेक्षा निर्यात थांबवली तर?

भारतासारख्या देशात हा प्रश्न जास्त बरोबर आहे. १ जुलै २०२२ पासून सरकारने पेट्रोलच्या निर्यातीवर लिटरला ६, डिझेलवर १३ आणि विमानाच्या इंधनावर ६ रुपये कर लावला होता, देशातल्या क्रूडवरही टनाला २३,२५० रुपये. पुढे दर पंधरवड्याला तो बदलत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. देशात पंप कोरडे आणि बंदरातून डिझेल बाहेर चाललंय, हे सहन करण्यासारखं नव्हतंच. पण पूर्ण बंदी घालणं मला पटत नाही, कारण नेपाळ, भूतान आपल्याच इंधनावर चालतात आणि आपल्या रांगा कमी करायच्या म्हणून त्यांच्याकडे रांगा लावणं हे शेजारधर्माला धरून नाही.

आणीबाणीसाठी देशाकडे साठा असतो ना?

असतो, विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला जमिनीखालच्या गुहांमध्ये ५३.३ लाख टन क्रूडची जागा आहे, पूर्ण भरली तर देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल. तेल कंपन्यांचे स्वतःचे साठे वेगळे. लक्षात ठेवायचं की हे क्रूड आहे, ते आधी रिफायनरीत जाणार आणि मग आपल्या गाडीत.

गॅस सिलिंडरचं काय?

इथे आपण खरंच परावलंबी आहोत, गरजेच्या साधारण ६० टक्के एलपीजी बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक आखाती देशांमधून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. क्रूड रशियाकडून, आफ्रिकेकडून, अमेरिकेकडून आणता येतं, एलपीजीला तेवढे पर्याय पटकन मिळत नाहीत. त्यामुळे आयात शुल्क शून्य ठेवायची गरज सगळ्यात जास्त कुठे असेल तर ती स्वयंपाकाच्या गॅसला, आणि त्यात हॉटेल-खाणावळीचा व्यावसायिक सिलिंडर पण धरला पाहिजे, कारण शहरात एकट्या राहणाऱ्या हजारो पोरांचं दोन वेळचं जेवण त्याच सिलिंडरवर शिजतं.

महाराष्ट्रात कर कमी व्हावा असं वाटत असेल तर मागणी कोणाकडे करायची?

मुंबईत, म्हणजे राज्य सरकारकडे, कारण आपला व्हॅट देशातल्या जास्त व्हॅटपैकी आहे. जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी कमी केलं होतं. २०२४ च्या बजेटमध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवरचा व्हॅट २४ वरून २१ टक्के आणि पेट्रोलवरचा २६ वरून २५ टक्के केला. सिंधुदुर्गातल्या लोकांना हा फरक समजावून सांगायला नको, बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत गेलं की पेट्रोल स्वस्त, ते तिकडेच टाकी भरतात आणि महाराष्ट्राच्या बाजूचे पंपवाले गिऱ्हाईक जाताना बघत बसतात.

आणि टंचाईच्या वेळी शेतकऱ्यासाठी वेगळं मागा. जूनमध्ये ट्रॅक्टर आठ दिवस थांबला तर पेरणीचा वाफसा निघून जातो, नंतर डिझेल स्वस्त मिळून उपयोग नाही. ग्रामीण पंपांना पेरणी आणि काढणीच्या दिवसांत टँकर आधी, आणि शेतकऱ्याला कॅनमध्ये डिझेल देण्याची स्पष्ट परवानगी. टंचाई आली की कॅनमध्ये द्यायला पंपवाले घाबरतात आणि ट्रॅक्टर दहा-पंधरा किलोमीटर चालवत पंपापर्यंत आणावा लागतो, त्यात परत डिझेल जळतं.

भावातला कुठला हिस्सा कोणाचा हे कुठे बघायला मिळेल?

पेट्रोलियम मंत्रालयाचा पीपीएसी म्हणून विभाग आहे, त्यांच्या साईटवर दिल्लीच्या भावाची फोड असते, डीलरला कितीला पडलं, एक्साइज किती, डीलरचं कमिशन किती, व्हॅट किती. इंडियन ऑइल पण तशी फोड टाकतं. महाराष्ट्रासाठी त्यात मुख्यतः व्हॅटची ओळ बदलते. पुढच्या वेळी करमाफीची बातमी आली की आधी बघा ती यातल्या कुठल्या ओळीवर आहे, किती महिन्यांसाठी आहे, आणि डीलरच्या टाकीतल्या जुन्या मालाचं काय करणार ते त्या अधिसूचनेत लिहिलंय का.